मोडलेल्या आंसाची साक्ष

जी वस्तु नजरेआड राहूनच आपलें काम करिते, तिचे उपकार मनुष्य सहसा मानीत नाहीं. घराचा पाया, झाडाचीं मुळें, पाठीचा कणा यांची आठवण कांहीं तरी दुखूं-खुपूं लागल्यावरच होते. मोटारगाडीच्या पोटांत अशीच एक वस्तु असते. तिचें नांव क्रँकशाफ्ट. आपल्याकडील कारागिरांच्या तोंडींही हेंच नांव रुळलें आहे. गाडीचा रंग, तिची गति व तिच्या मालकाचें ऐश्वर्य सर्वांच्या डोळ्यांत भरतें. परंतु ती गाडी थरथरत नाहीं, तिचा आवाज कानांस टोंचत नाहीं आणि हजारों मैल धांवूनही तिच्यांतील हा आंस मोडत नाहीं, याचें श्रेय कोणास द्यावें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें तें श्रेय कल्पना काढणारांपेक्षां परीक्षा घेणारांस अधिक आहे. आणि या गोष्टींतून आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेसही कांहीं घेण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें. तेवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रथम ही वस्तु आहे तरी काय, तें पाहूं. ज्यांनीं खेड्यांतील घरीं जातें पाहिलें असेल त्यांस ती समजण्यास अडचण पडूं नये. दळणारीचा हात पुढें-मागें होतो, पण जात्याचा वरचा दगड गोल फिरतो. कारण खुंटा दगडाच्या मध्यापासून दूर ठोकलेला असतो. मोटारीच्या इंजिनांत हाताच्या जागीं दट्ट्या असतो. सिलिंडरांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण पेटलें म्हणजे दट्ट्या जोरानें ढकलला जातो, त्यास जोडलेला दांडा क्रँकशाफ्टच्या खुंट्यास रेटतो आणि शाफ्ट फिरूं लागतो. सहा सिलिंडर एका ओळींत असले तर शाफ्टावर सहा खुंटे असतात. म्हणजे क्रँकशाफ्ट हा जागोजाग वांकविलेला आंसच होय. आणि तो ज्या आधारांत बसून फिरतो त्यांस बेअरिंग म्हणतात. जात्याशीं साम्य मात्र येथेंच संपतें. दळणारी ओवीच्या लयींत जातें फिरविते. इंजिनाचा शाफ्ट मिनिटास शेंकडों, पुढें पुढें हजारों फेरे घेतो, आणि त्यास ढकलणारा हात प्रत्येक वेळीं घणासारखा येऊन आदळतो.

अगदीं आरंभीं हा प्रश्न बिकट नव्हता. जर्मनींतील कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं ज्या तीन चाकी गाडीचें पेटंट घेतलें, तिला एकच सिलिंडर होता. तिची शक्ति एका घोड्याहूनही कमी असून शाफ्ट मिनिटास सुमारें ४०० फेरे घेत असे. इतक्या मंद गतींत हिसके बसत, पण जड फ्लायव्हील ते बरेचसे पचवून टाकी. पुढें लोकांस वेग हवा झाला, आणि तेथेंच खरी अडचण उभी राहिली. कारण तोल नसलेल्या फिरत्या वस्तूचा हिसका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर हिसका चौपट होतो, वेग तिप्पट झाला तर नऊपट. बर्मिंगहॅम येथील फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं हें फार लवकर ओळखलें. १८९७ सालीं त्यांनीं दोन सिलिंडरांचें असें एक इंजिन बनविलें कीं, त्यांत दोन क्रँकशाफ्ट परस्परविरुद्ध दिशांनीं फिरत व एकाचा हिसका दुसरा फेडून टाकी. ती रचना खर्चाची होती, परंतु गाडीचा थरकांप हा मुकाट्यानें सोसण्याचा विषय नसून अभ्यासाचा विषय आहे, हें तिनें दाखवून दिलें.

शाफ्टाचा तोल तपासावा कसा? याचा जुना उपाय साधा होता. दोन समपातळ पोलादी धारांवर शाफ्ट आडवा ठेवावा. जी बाजू जड असेल ती आपोआप खालीं येते. त्या बाजूचा धातु थोडा खरवडून काढावा व पुन्हां ठेवून पाहावें. कोणत्याही स्थितींत ठेवला असतां शाफ्ट स्थिर राहूं लागला म्हणजे तोल साधला, अशी समजूत असे. पण समजा, शाफ्टाच्या डाव्या टोंकाशीं वरच्या अंगास एक तोळा अधिक आहे आणि उजव्या टोंकाशीं खालच्या अंगास तितकेंच वजन अधिक आहे. धारांवर असा शाफ्ट अगदीं शांत पडून राहील; परंतु फिरूं लागतांच त्याचें एक टोंक एका बाजूस व दुसरें टोंक विरुद्ध बाजूस ओढलें जाईल आणि दोन्ही टोंकांच्या बेअरिंगांस एकसारखे दणके बसतील. हा दोष स्थिर शाफ्टांत दिसतच नाहीं. जर्मनींत लावाचेक यांनीं १९०७ सालीं फिरत्या वस्तूचा तोल तपासण्याचें यंत्र रचलें, व डार्मश्टाट येथील शेंक यांच्या कारखान्यानें तें हातीं घेऊन पुढें वाढविलें. निजलेल्या मनुष्याचा स्वभाव जसा कळत नाहीं, तसा उभ्या यंत्राचा दोषही कळत नाहीं. त्यास कामास लावूनच त्याची पारख करावी लागते.

आतां आमच्या लेखाच्या मुख्य प्रसंगाकडे वळूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत सहा सिलिंडरांच्या गाड्यांचें आकर्षण वाढूं लागलें. नेपिअर कंपनीनें अशी गाडी १९०४ च्या सुमारास बाजारांत आणली, आणि तिचे पुरस्कर्ते एस. एफ. एज यांनीं तिचा डंका सर्वत्र पिटला. कागदावरचें गणितही त्यांच्याच बाजूचें होतें. एका ओळींत सहा दट्टे असून खुंटे एकमेकांशीं १२० अंशांचा कोन करून जोडीजोडीनें बसविले असले, म्हणजे दट्ट्यांच्या वर-खालीं होण्याचे सर्व महत्त्वाचे हिसके एकमेकांस फेडून टाकतात. चार सिलिंडरांच्या इंजिनांत शाफ्टाच्या दुप्पट वेगानें जो थरकांप उरतो, तोही येथें उरत नाहीं. तेव्हां सहा सिलिंडरांची गाडी लोण्यांतून सुरी फिरावी तशी चालावी, अशी सर्वांची अपेक्षा होती.

प्रत्यक्षांत निराळेंच घडलें. गाडी बहुतेक वेगांवर सुरळीत चाले, पण ठराविक वेग आला कीं इंजिन एकाएकीं खडखडूं लागे. वेग थोडा वाढविला किंवा कमी केला कीं पुन्हां शांत होई. त्या काळच्या सहा सिलिंडरांच्या कित्येक इंजिनांचे शाफ्ट पुढें मोडलेही. एज यांनीं आपल्या गाडीच्या या आवाजास ‘शक्तीचा खडखडाट’ असें भारदस्त नांव दिलें; जणूं काय तो बळाचाच पुरावा होता! दोषास गुणाचें नांव दिल्यानें गिऱ्हाईक कांहीं काळ गप्प बसेल, पण पोलाद कोणाच्या जाहिराती वाचीत नाहीं. रोल्स-रॉइस यांनीं १९०५ सालीं जी तीस अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची गाडी काढली, तिचेही शाफ्ट मोडूं लागले. येथें दोन मार्ग फुटतात. एकच तक्रार दोघांच्या कानीं आली. एकानें तिला नांव दिलें व दुसऱ्यानें तिचें कारण शोधलें.

गणित चुकलें होतें काय? नाहीं, गणिताचें गृहीत चुकलें होतें. शाफ्ट अगदीं ताठ आहे, तो किंचितही पिळला जात नाहीं, असें धरून तो हिशेब मांडलेला होता. पोलाद कितीही कठीण असलें तरी तें थोडें पिळलें जातें व सोडतांच परत उलगडतें. सहा सिलिंडरांचा शाफ्ट लांब, आणि त्या काळीं तो बारीकही असे. त्याच्या मागच्या टोंकास जड फ्लायव्हील असल्यामुळें तें टोंक सहसा डळमळत नाहीं. पण पुढचें टोंक मोकळें असतें. पुढच्या सिलिंडरांत स्फोट झाला कीं तें टोंक क्षणभर पुढें पिळलें जातें, मग मागें येतें, पुन्हां पुढें जातें. या हेलकाव्याची प्रत्येक शाफ्टाची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. भलत्या वेळीं कितीही जोरानें ढकला, झोपाळा चढत नाहीं. परंतु त्याच्या लयीवर लहान पोरानें एका हातानें रेटलें तरी तो आढ्यास भिडूं पाहतो. येथेंही तोच न्याय. सहा सिलिंडरांच्या चार धावांच्या इंजिनांत शाफ्टाच्या प्रत्येक फेऱ्यास तीन स्फोट होतात. समजा, एखाद्या शाफ्टाची पिळण्याची लय मिनिटास ४५०० हेलकाव्यांची आहे. तर शाफ्टाचे फेरे मिनिटास १५०० झाले कीं स्फोटांची संख्याही बरोबर ४५०० होते. प्रत्येक धक्का लयीवर पडतो आणि पीळ वाढत जातो. १४०० वर गाडी शांत, १६०० वर शांत आणि मध्येंच खडखडाट, या चमत्काराचा उलगडा असा आहे. दट्ट्यांच्या हिसक्यांचा हिशेब कितीही अचूक केला तरी हा दोष त्यांतून निघाला नसता. तो चालत्या यंत्रानेंच सांगितला.

असा पीळ बसूनही शाफ्ट त्याच क्षणीं कां मोडत नाहीं व कित्येक दिवसांनीं अचानक कां मोडतो, हेंही समजून घेतलें पाहिजे. लोखंडाची तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं. तीच पुन्हां पुन्हां मागें-पुढें वांकविली तर हातांत दोन तुकडे येतात. या गोष्टीची किंमत जगानें फार जबर दिली आहे. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढें प्रशियाच्या रेल्वेवरील अभियंते ऑगस्ट व्योलर यांनीं कित्येक वर्षें आंसांचे नमुने मुद्दाम फिरवून, वांकवून व मोडून पाहिले, आणि असें सिद्ध केलें कीं, जो भार एकदां सहज पेलतो तोच लक्षावधि वेळां आलटून-पालटून पडला तर पोलाद थकतें. अशा मोडलेल्या आंसाचें तोंड पाहण्यासारखें असतें. त्याचा एक भाग गुळगुळीत असून त्यावर शिंपल्यावरील रेषांसारख्या वर्तुळाकार खुणा दिसतात. उरलेला भाग खरबरीत व दाणेदार असतो. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू पसरत गेलेली जुनी भेग, आणि खरबरीत भाग म्हणजे अखेरच्या क्षणीं तुटलेलें पोलाद. भेगेचा आरंभ बहुधा एखाद्या तीक्ष्ण कोपऱ्यापाशीं किंवा तेलाच्या छिद्रापाशीं सांपडतो. म्हणून कुशल कारागीर शाफ्टाचे आंतले कोपरे गोलसर ठेवितात. मोडलेला आंस अशी आपली सर्व हकीकत स्वतःच्या तोंडावर लिहून ठेवितो. ती वाचणारा मात्र हवा.

हेन्री रॉइस यांनीं ती वाचली. ज्यांस लहानपणीं फारसें शालेय शिक्षण मिळालें नव्हतें असे हे गृहस्थ. पण वस्तु हातांत घेऊन तिला प्रश्न विचारण्याची विद्या त्यांच्यापाशीं पूर्ण होती. १९०६ सालीं त्यांनीं ४०/५० अश्वशक्तीची जी नवी गाडी पुढें आणली, तिचे सहा सिलिंडर तीन-तीनांच्या दोन ठोकळ्यांत बसविले, शाफ्ट चांगला जाड केला, त्यास सात बेअरिंगांचा आधार दिला व बेअरिंगांस दाबानें तेल पोंचविलें. जाडीचा येथें केवढा उपयोग होतो पाहा. गोल आंसाचा पिळास होणारा विरोध व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत असतो. दीड इंचाच्या जागीं दोन इंच व्यास घेतला तर जाडी एक तृतीयांशानेंच वाढते, पण विरोध तिपटीहून अधिक होतो. त्यामुळें शाफ्टाची लय इतकी जलद होते कीं, नेहमींच्या वेगांत स्फोटांचा धक्का तिला गांठूं शकत नाहीं. शिवाय शाफ्टाच्या पुढच्या टोंकाशीं घर्षणानें हेलकावा जिरविणारी योजनाही रॉइस यांनीं केली. तिकडे १९१० च्या सुमारास डेम्लर कंपनीच्या इंजिनांसाठीं लँचेस्टर यांनींही याच रोगावर औषध काढलें. शाफ्टाच्या मोकळ्या टोंकावर त्यांनीं एक लहानसें चाक बसविलें. तें शाफ्टास घट्ट न जोडतां मध्यें तेलांत भिजलेल्या चकत्या ठेविल्या. शाफ्ट एकसारखा फिरतो तोंवर चाकही त्याच्याबरोबर फिरतें. पण शाफ्ट थरथरूं लागला कीं चाक आपल्या जडपणामुळें मागें राहतें, चकत्या एकमेकींवर सरकतात व थरकांपाची शक्ति उष्णता होऊन निघून जाते. याच जातीचे शमक आजही कित्येक इंजिनांच्या पुढच्या टोंकाशीं बसविलेले असतात. चार सिलिंडरांच्या इंजिनांतील दुप्पट वेगाचा थरकांप घालविण्यासाठीं लँचेस्टर यांनीं सुचविलेले उलट-सुलट फिरणारे दोन जादा आंसही विस्मृतींत गेले नाहींत. १९७५ सालीं जपानांतील मित्सुबिशी कंपनीनें ती कल्पना पुन्हां उचलली, आणि पुढें पोर्शसारख्या कंपनीनें ती त्यांच्याकडून परवान्यानें घेतली.

शाफ्टाची गोष्ट बेअरिंगांवांचून पुरी होत नाहीं. कारण शाफ्टाचा प्रत्येक हिसका शेवटीं त्यांनाच सोसावा लागतो. बेअरिंगास आंतून कथील, अँटिमनी व तांबें यांच्या मिश्रणाचें मऊ अस्तर देण्याची युक्ति अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट यांनीं १८३९ सालीं काढली. मऊ अस्तर स्वतः झिजतें, पण मोलाच्या शाफ्टास जपतें. तें बसविण्याची व तपासण्याची रीतही मोठ्या चिकाटीची होती. शाफ्टास निळ्या रंगाचा पातळ हात द्यावा, तो बेअरिंगांत बसवून फिरवावा, जेथें जेथें रंग उमटेल तेथें उंचवटा आहे असें समजून तेवढाच भाग खरवडावा, आणि सर्वत्र सारखा रंग उमटेपर्यंत हेंच करीत राहावें. १९०८ सालीं निघालेल्या फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ गाडीच्या शाफ्टास तीनच मुख्य बेअरिंगें असून त्यांस तेल शिंतोड्यांनीं मिळे. अशा गाड्यांचे कारागीर लोखंडी सळईचें एक टोंक इंजिनास व दुसरें कानास लावून कोणत्या बेअरिंगांतून ठोका येतो तें ओळखीत.

पण बेअरिंग टिकतें कशानें, याचें खरें उत्तर एका अपघातानें मिळालें. बोशां टॉवर हे १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठीं रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठीं त्यांनीं बेअरिंगाच्या माथ्यावर छिद्र पाडलें. तेल आंत जाण्याऐवजीं वर येऊं लागलें! त्यांनीं छिद्रांत बूच ठोकलें, तर तें बाहेर फेंकलें गेलें. दुसरा एखादा या उपद्रवास कंटाळून नवें बेअरिंग मागविता. टॉवर यांनीं त्या छिद्रास दाबमापक जोडला. बेअरिंगावर सरासरी भार चौरस इंचास १०० पौंड असतां दाबमापकाचा कांटा २०० पौंडांपर्यंत चढला. म्हणजे आंस धातूवर घासत नव्हता. तो स्वतःच ओढून घेतलेल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनीं या गोष्टीचें गणित मांडलें, आणि आजचें बेअरिंगशास्त्र त्याच पायावर उभें आहे. शाफ्ट थरथरला, तेलांत धूळ गेली किंवा तेल पोंचलें नाहीं, कीं तो थर तुटतो व झीज सुरू होते. बाहेर उडालेल्या एका बुचानें शास्त्राचें एक दार उघडलें, तें केवळ टॉवर यांनीं त्यास आपल्या प्रयोगाचा अपमान मानिलें नाहीं म्हणून.

या सर्व श्रमांची कसोटी रस्त्यावर लागली. १९०७ सालीं रोल्स-रॉइस यांनीं ‘सिल्व्हर घोस्ट’ नांवाची आपली गाडी इंग्लंडांतील रॉयल ऑटोमोबाइल क्लबाच्या निरीक्षकांदेखत लंडन व ग्लासगो यांच्या दरम्यान पुन्हां पुन्हां चालवून १५,००० मैलांची मजल पुरी केली. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्यानें आपोआप बंद होऊन ती एकदां थांबली. त्यापुढील १४,३७१ मैल ती बिनखोळंबा गेली. नंतर गाडी सुटी करून प्रत्येक भाग मोजण्यांत आला. गाडी पूर्ववत् नवी करण्यास लागणाऱ्या भागांची किंमत दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स भरली. इंजिनाच्या बेअरिंगांत मोजण्याजोगी झीज आढळली नाहीं. याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नांवाची गाडी १९०८ सालीं आपल्या मुंबई इलाख्यांत मुंबई-कोल्हापूर चढाओढींत उतरली, घाटांमागून घाट ओलांडून सुमारें ६२० मैल गेली व यशस्वी ठरली. पुढें ग्वाल्हेरच्या महाराजांनीं ती विकत घेतली. आमच्या घाटांनीं त्या आंसाची जी परीक्षा घेतली, ती लंडनच्या सडकेपेक्षां कांहीं सोपी नसावी.

आतां आम्ही आमच्या म्हणण्याकडे येतों. आपल्या क्रमिक पुस्तकांत शोधांच्या गोष्टी असतात, पण चुकांच्या नसतात. अमुक सालीं अमुक गृहस्थांनीं अमुक यंत्र काढलें, एवढेंच आपण पाठ करितों. याचा परिणाम प्रयोगशाळेंत दिसतो. आम्ही येथें दुसऱ्या कोणाचें उणें न काढितां आमचाच एक अपराध कबूल करितों. शाळेंत असतां आम्हीं लंबकाचा प्रयोग केला. पुस्तकांत गुरुत्वाचें मान ९७८ च्या आसपास दिलेलें होतें. आमचें उत्तर ९६४ आलें. आम्हीं शेजाऱ्याची वही पाहिली, दोन आकडे खोडले, दोन नवे घातले व ९७८ लिहून पूर्ण गुण मिळविले. पुष्कळ वर्षांनीं ध्यानांत आलें कीं, दोऱ्याची लांबी आम्हीं गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजतां वरच्या गांठीपर्यंतच मोजली होती; शंभर सेंटिमीटरांच्या जागीं साडेअठ्ठ्याण्णव धरले होते. तो दीड सेंटिमीटर ९६४ या आकड्यांत स्पष्ट लिहिलेला होता. आकडा खरें बोलत होता. खोटें आम्हीं बोललों. एज यांच्या ‘शक्तीच्या खडखडाटा’स हंसण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

यावर कोणी म्हणतील कीं, शाळेंतील लंबक चुकल्यानें कोणाचा जीव जात नाहीं. हें खरें आहे. पण संवय वयाबरोबर वाढते. ज्या हातानें आज वहींतील आकडा जुळवून घेतला, त्याच हातांत उद्यां पुलाची तुळई, औषधाची मात्रा किंवा गाडीचा ब्रेक तपासण्याचें काम येणार आहे. दुसरे म्हणतील कीं, तासिका चाळीस मिनिटांची, मुलें पन्नास आणि परीक्षा डोक्यावर. चुकीचें कारण शोधीत बसण्यास वेळ कोठून आणावा? ही अडचण आम्हीं हंसण्यावारी नेत नाहीं. शिक्षकांवरील कामाचा बोजा आम्ही डोळ्यांनीं पाहतों. तथापि दहा प्रयोग जुळवून लिहिण्यापेक्षां सात प्रयोग खरे लिहिणें अधिक फलदायी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिसरा आक्षेप असा येईल कीं, आतां विजेच्या मोटारी आल्या, त्यांत क्रँकशाफ्टच नाहीं. मग या जुन्या गोष्टी कशाला? विजेच्या मोटारींत क्रँकशाफ्ट नाहीं हें बरोबर. पण तिच्यांत फिरणारा आंस आहे, बेअरिंगें आहेत व तोल साधण्याची गरजही आहे. आणि उद्यां फिरणारें कांहींच उरलें नाहीं, तरी कागदावरचा हिशेब व प्रत्यक्ष घडणारी गोष्ट यांत अंतर पडेल तेव्हां कोणाचें ऐकावें, हा प्रश्न उरेलच.

म्हणून आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली : प्रयोगाच्या वहींत आलेला आकडा कधींही मिटवूं नये, चुकला असें वाटल्यास त्यावर एकच रेघ ओढावी, म्हणजे तो खालून वाचतां येईल, आणि शेजारीं नवा लिहावा. दुसरी : उत्तर पुस्तकाशीं न जुळल्यास जो विद्यार्थी त्याचें संभाव्य कारण सांगेल, त्यास शिक्षकांनीं उत्तर जुळलेल्या विद्यार्थ्याहून कमी गुण देऊं नयेत. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. विज्ञानाच्या वर्गांत नव्या चकचकीत उपकरणांच्या कपाटाशेजारीं एक कप्पा मोडक्या वस्तूंसाठीं ठेवावा. गांवांतील मोटारदुरुस्तीवाल्याकडे मोडलेला आंस, झिजलेलें बेअरिंग, तुटलेली स्प्रिंग सहज मिळेल. तो भंगारांत देणार तीच आपण मागून आणावी. प्रत्येक वस्तूखालीं ती कोठें मोडली व कां मोडली असावी, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः पाहून लिहावें.

आमच्यापैकीं एकानें या कामास आरंभ केलाही आहे. एका जुन्या मालमोटारीच्या क्रँकशाफ्टाचा वीतभर तुकडा त्यानें दुरुस्तीवाल्याकडून मागून आणला. त्याचें तोंड अर्धें गुळगुळीत व अर्धें खरबरीत आहे, आणि भेग तेलाच्या छिद्रापासून निघाली आहे, हें कोणासही भिंगाशिवाय दिसूं शकतें. तो तुकडा पुढील सहामाहीपासून विज्ञानाच्या वर्गांत ठेवण्याची परवानगी आम्हीं गुरुजींपाशीं मागितली आहे. ती मिळाल्यास वाचकांनीं येऊन तो अवश्य हातांत घेऊन पाहावा, अशी विनंति करून हा लेख पुरा करितों.